सेल्फ कॉन्शसला मराठीत काय म्हणायचं? शिकागोच्या फुकट मराठी कोशांचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच. रिव्ह्यू आहे शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवलेल्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या सेवेचा, म्हणजे त्यातल्या मराठी कोशांचा. फुकट आहे, लॉगिन नाही, ओटीपी नाही, आमचं अमुक घ्या तमुक घ्या असा तगादा नाही. तरी मराठीत लिहिणाऱ्या कितीतरी लोकांना याचा पत्ताच नसतो आणि ते बिचारे गुगलवर "अमुकला मराठीत काय म्हणतात" असं टाकून जे वर येईल ते उचलतात, म्हणून हा सगळा प्रपंच.

आता कोशाचा रिव्ह्यू करायचा म्हणजे त्याला एखाद्या त्रासदायक शब्दावर पळवून बघायला हवं, नुसतं "शब्दसंग्रह विपुल आहे" म्हणून काय कळणार. मला शब्द आयता मिळाला. मी सबटायटल्सची कामं करते, त्यात एक मुलगी जिममध्ये आरशासमोर उभी आहे आणि मैत्रिणीला म्हणते, बघू नकोस ना, आय गेट सेल्फ कॉन्शस. एवढंच. आपण बोलताना सरळ "मला सेल्फ कॉन्शस व्हायला होतं" म्हणून मोकळे होतो, पण सबटायटलमध्ये ते तसंच ठेवलं तर मग माझे पैसे कशाचे. एका भाषांतराच्या अॅपमध्ये टाकून पाहिलं तर उत्तर आलं "आत्म-जागरूक". बघू नकोस ना, मी आत्म-जागरूक होते! हे ध्यानशिबिराच्या बॅनरवर चालेल, जिममध्ये नाही. मग प्ले स्टोअरवरचं एक मराठी डिक्शनरीचं अॅप घेतलं, त्यात "लाज" टाकल्यावर अर्थ दिसायच्या आधी फुल स्क्रीन लेहंग्याची जाहिरात आली आणि ती बंद करायचं फुलीचं बटण एवढं बारीक की बोट दरवेळी लेहंग्यावरच. ते काढून टाकलं.

तर शिकागोच्या साइटवर मराठीचे एक सोडून पाच कोश आहेत. मोल्सवर्थ, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, वझ्यांचा १९११चा आर्यभूषण शालेय कोश, मॅक्सीन बर्नसन यांचा बेसिक मराठी-इंग्रजी कोश (या बाई अमेरिकेतून येऊन फलटणला राहिल्या आणि तिथे शाळा काढली, त्यामुळे त्यांच्या कोशातली मराठी जिवंत माणसांच्या तोंडची आहे), आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, जो महानुभाव नाहीतर ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांनी उघडावा. मी बहुतेक वेळ पहिल्या दोघांत घालवते.

मोल्सवर्थबद्दल दोन शब्द, कारण हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि पुस्तक फार कमी जणांनी उघडलेलं असतं. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी, सोबत जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ, आणि या तिघांच्या मागे आपल्याकडच्या शास्त्री-पंडितांची फळी, ज्यांची नावं कव्हरवर येत नाहीत. त्या पंडितांचा स्वतःचा मराठी-मराठी कोश १८२९चा, मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ची आणि आपण वापरतो ती सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची. साठेक हजार शब्द. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ मध्ये त्याचं पुनर्मुद्रण केलं, ते अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांत अजून कधीकधी हाती लागतं. माझ्याकडे आहे, नऊशेच्या वर पानं, झोपून वाचायचं नाही, छातीवर पडलं तर बरगडी जाईल.

दाते-कर्वे त्याच्या पहिल्या आवृत्तीनंतर शंभरेक वर्षांनी आले. १९३२ ते १९३८ या काळात सात खंड आणि १९५० मध्ये पुरवणी. मराठीतून मराठी, कवितेतले-बखरीतले दाखले देतात आणि शेवटी चौकोनी कंसात शब्द कुठून आला ते. मोल्सवर्थसुद्धा शब्दापुढे मूळ सांगतो पण एका अक्षरात, संस्कृतचा एस, हिंदुस्थानीचा एच, फारसीचा पी, अरबीचा ए, आणि अस्सल देशी शब्द असेल तर बऱ्याचदा काहीच नाही, तिथे तुम्ही आणि तुमचं नशीब.

वापरायची युक्ती अशी, जी मला कुणी सांगितली नव्हती आणि साइटवरही ठळक लिहिलेली नाही. मोल्सवर्थमध्ये मराठी शब्द शोधता येतो हे उघड आहे, पण फुल टेक्स्ट सर्च म्हणून एक पर्याय आहे, त्यात अर्थाच्या मजकुरातलं इंग्रजी शोधता येतं. म्हणजे कोश उलटा फिरतो. तिथे सेल्फ कॉन्शस टाकून उपयोग नाही बरं का, आणि त्याचं कारण मजेदार आहे. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी आला तेव्हा तो तत्त्वज्ञानातला होता, जॉन लॉकच्या काळातला, स्वतःच्या असण्याचं भान असलेला असा. लोक आपल्याकडे बघतायत म्हणून चुळबुळ होणं हा अर्थ त्याला चिकटला तो १८३०च्या दशकात. म्हणजे मोल्सवर्थची पहिली आवृत्ती छापली जात होती तेव्हा खुद्द इंग्रजांकडे या भावनेला हा शब्द जेमतेम येत होता, आणि ते अॅप मला "आत्म-जागरूक" देत होतं ते बिचारं अजून लॉकसाहेबांच्या काळात बसलंय. म्हणून तिथे टाकायचं बॅशफुल, शाय, अबॅश्ड, असले जुने शब्द. मग जी रांग लागते ती बघून मी जेवण विसरले. लाज, संकोच, भीड, शरम, खजील, ओशाळा, बुजरा, आणि मधे असे काही की जे आजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

आणि इथेच या सेवेची खरी परीक्षा, कारण रांग मिळणं सोपं, त्यातला नेमका कुठला ते कोशाने सांगायला हवं.

संकोच घ्या. हा तर संस्कृत, सम् आणि कुच्, कुच् म्हणजे आक्रसणं, आकुंचन त्याच घरातलं. संस्कृतात संध्याकाळी कमळ मिटतं त्याला संकोच आणि सकाळी उमलतं त्याला विकास, ही जोडी आहे. (चौकाचौकात लागलेले विकासाचे फ्लेक्स बघून आता मला कमळंच दिसतात, कुठल्या पक्षाबद्दल बोलत नाहीये.) म्हणजे शब्दात माणूस अंग चोरून बसलेलाच आहे. पण आज जेवायला वाढताना "संकोच करू नका" म्हणतो तेव्हा तो इतका औपचारिक झालाय की जिममधल्या मैत्रिणीला कोण म्हणेल, मला संकोच वाटतो? म्हणेल तर मैत्रीण विचारेल, तुला बरं नाहीये का.

भीड मात्र वेगळंच प्रकरण आहे आणि माझ्या मते या सगळ्या रांगेत सगळ्यात मराठी शब्द हाच. हिंदीवाल्यांसाठी भीड म्हणजे गर्दी. आपल्यासाठी भीड म्हणजे समोरच्याच्या मोठेपणाचं, नात्याचं, ओळखीचं मनावर येणारं ते ओझं, ज्यामुळे तोंडावर नाही म्हणता येत नाही. एकाच घरातले दोन शब्द, शेजारी भिडणे उभं आहे, म्हणजे लागणं, टेकणं, अंगावर येणं. हिंदीत माणसं अंगाला भिडली, मराठीत मनाला भिडली असं मी आपलं समजून घेतलं. आणि एकदा हे डोक्यात बसलं की "भीड चेपली" हा वाक्प्रचार उलगडतो, जे दाटून आलंय तेच चेपावं लागतं ना. कोशात भीडेच्या आजूबाजूला चक्कर मारा, भिडस्त, भीड घालणं, भिडेखातर, भीडभाड, एक अख्खा समाज उभा राहतो, ज्यात कुणीतरी कुणाच्या तरी भीडेने जामीन राहतोय, पोरगी देतोय, उधारी देतोय आणि मग बुडतोय. त्यावर म्हण आहेच, भीड भिकेची बहीण. व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्गणी मागितली की मला दरवेळी ही आठवते आणि दरवेळी मी पैसे पाठवते.

भीडमुर्वत मधला मुर्वत तर अरबी, फारसीतून आलेला, त्याच्या मुळाशी मर्द-माणूस या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे मुळात माणुसकी, दिलदारपणा. आपण त्याला भीडेला बांधला आणि आता एकटा तो कुठे दिसतच नाही. "भीडमुर्वत न ठेवता बोलला" एवढ्यापुरताच जगलाय.

सबटायटलसाठी भीड बाद, कारण भीड वाटायला समोर कुणीतरी लागतो ज्याला आपण मान देतो. आरशाची भीड नसते.

इथे या साइटचं एक सुख सांगायलाच हवं, जे छापील पुस्तकात कधीच मिळणार नाही. खजील शब्दापुढे मोल्सवर्थने अरबीची खूण केली की त्याच साइटवर स्टाइनगासचा १८९२चा फारसी कोश आहे, प्लॅट्सचा १८८४चा उर्दू-हिंदीचा कोश आहे, टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश आहे. एका टॅबमधून दुसऱ्यात. खजिल तिकडेही लाजलेला, तोंड पडलेला असाच. शरम फारसी, शरमिंदा फारसी, आणि आता शरमिंदा आणि आपला मिंधा हे दोघे शेजारी उभे करून बघा, मी काही बोलत नाही. टर्नरमध्ये लज्जा काढलं की प्राकृत, मग हिंदी, गुजराती, मराठी अशी सगळी भावंडं ओळीने लाज लाज म्हणत उभी राहतात. रात्री हे करत बसू नये, सकाळ होते. डेडलाइन असेल तर अजिबातच नाही.

लाज बाद का केला तेही सांगते. लाजेत नेहमी कुणीतरी बोट दाखवणारा असतो, लाज नाही वाटत का, लाज काढली, लाज आणलीस, लाज राखली. आणि बाईच्या तोंडी घातला की त्याला लगेच दुसराच वास येतो, लाज हा स्त्रीचा दागिना वगैरे. ती मुलगी घामेजली आहे, लेगिंग्जमध्ये आहे आणि तिला आपला आरशातला दंड आवडत नाहीये, एवढंच आहे, तिच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. "मला लाज वाटते" लिहिलं असतं तर अर्ध्या प्रेक्षकांनी तिच्या कपड्यांकडे बघितलं असतं. कोशात हा वास सापडत नाही. मोल्सवर्थच्या मागे बसलेले सगळे शास्त्री पुरुष, त्यांना यात वेगळं काही नोंदवायचं वाटलंही नसेल, आणि दात्यांच्या काळातही फार फरक नाही. हे कोशाबाहेरचं, आपलं आपण भरायचं.

बुजणे मला फार आवडतो. घोडा बुजतो, बैल बुजतो, पोर पाहुण्यांना बघून बुजतं आणि आईच्या पदरामागे जातं. पक्ष्यांना बुजवायला शेतात उभं करतात ते बुजगावणं. (रस्त्यातला खड्डा बुजतो तो बुजणे वेगळा, आणि तसंही तो बुजत नाहीच.) म्हणजे यात दचकणं आहे, जनावराचं, शरीराचं, विचार करायच्या आधीचं. गोड आहे पण लहान मुलाला शोभतो. तीस वर्षांची बाई जिममध्ये बुजली तर ती पहिल्यांदाच जिममध्ये आली आहे असं वाटेल, आणि ही तर रोज येते.

ओशाळणे आणि कानकोंडं होणे हे दोघे वाङ्मयीन भाऊ. ओशाळा म्हणजे काहीतरी झालंय, चूक उघडी पडली आहे किंवा कुणाच्या उपकाराखाली आहे, आणि आता ते चेहऱ्यावर दिसतंय. ओशाळवाणं हसू घटनेनंतरच येतं, आधी नाही. मला हा फरक दात्यांमुळे जास्त स्पष्ट झाला, दाखले असतात ना, त्यात शब्द वाक्यात बसलेला दिसतो. कानकोंडा बघितला की कान आणि कोंडणं डोळ्यासमोर येतं आणि माणूस तोंड लपवून कोपऱ्यात बसलेला दिसतो, पण हा शब्द आता कथा-कादंबरीतच, त्यातही जुन्या. हल्ली कोण कुणाला म्हणतं की मी कानकोंडी झाले? दिवाळी अंकातल्या नायिका होतात.

मग उरला अवघडणे, आणि सांगते, इथे मी खुर्चीत सरळ होऊन बसले.

अवघड म्हणजे कठीण हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. त्यातून अवघडणे, म्हणजे फार वेळ मांडी घालून बसलं की पाय अवघडतो, अंग आखडतं, हालता येत नाही. तिथून अवघडल्यासारखं वाटणं, चार लोकांत आपले हात कुठे ठेवायचे ते न कळणं. हेच तर पाहिजे होतं! स्वतःच्या शरीराचं ओझं वाटणं, तेही कुणी काही बोललेलं नसताना. आणि याच क्रियापदाचा अजून एक अर्थ, जो घरातल्या मोठ्या बायका अजून वापरतात, अवघडलेली बाई म्हणजे दिवस भरत आलेली बाई. "ती आता अवघडलीये, तिला जिना चढायला लावू नका." गरोदर हा सरळ शब्द न उच्चारता सांगायची ही रीत.

आता हे ठेवा बाजूला आणि इंग्रजी एम्बॅरस बघा. तो फ्रेंचमधून आला, त्या आधी स्पॅनिशचा रस्ता, आणि मूळ अर्थ अडथळा आणणं, वाट अडवणं, अडकवणं. लाज-बिज नंतर. आणि आजच्या स्पॅनिशमध्ये एम्बाराझादा म्हणजे काय, तर गरोदर! स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रज पोरांची यावरून हमखास फजिती होते, मला लाज वाटतेय म्हणायला जातात आणि मी गरोदर आहे म्हणून बसतात. पण फजिती बाजूला ठेवा, मला थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीने, की माद्रिद आणि मंचर यांचा काडीचा संबंध नसताना दोन्हीकडच्या भाषांनी अडलेपण, पोटातलं मूल आणि चारचौघांतला अवघडलेपणा हे एकाच शब्दात आणून बसवले. शब्द वेगळे, मुळं वेगळी, कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. कदाचित जड झालेलं शरीर घेऊन लोकांत वावरणाऱ्या बायका सगळीकडेच होत्या म्हणून असेल. हे जोडकाम कुठल्या एका कोशात लिहिलेलं नाही, पण ते सगळे एका साइटवर आणि शेजारच्या टॅबमध्ये स्पॅनिशचा कोश उघडा असल्याशिवाय मला दिसलंही नसतं, म्हणून त्याचं क्रेडिट मी या सेवेला देते.

सबटायटल झालं, "बघू नकोस ना, मला अवघडल्यासारखं होतं." आणि ते बसलं. लांबी थोडी जास्त आहे, पण स्क्रीनवर मावलं.

आता कापलेल्या अर्ध्या स्टारकडे येऊ, नाहीतर म्हणाल बाई पेड रिव्ह्यू करतेय.

पहिली अडचण स्पेलिंगची. मोल्सवर्थ १८५७चा, दाते-कर्वे १९३०च्या दशकातले, आणि आपले अनुस्वार उडाले १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर. म्हणजे कोशात शब्द आहे "ओशाळणें", डोक्यावर टिंब घेऊन, आणि तुम्ही आजच्या सवयीने टिंब न देता शोधणार. नव्या माणसाला वाटणार शब्दच नाही. यावर उपाय म्हणजे शब्दाचं शेपूट तोडून नुसतं डोकं टाकायचं, ओशाळ, अवघड, बुज, आणि या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द मागवायचे. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच, एकाने नाही सापडलं तर दुसऱ्याने. शाळेत व्याकरणात मार्क गेलेल्यांनी घाबरू नये, उलट इथे दोन्ही चुका करून बघणाऱ्यालाच जास्त सापडतं.

दुसरी, मोल्सवर्थचं इंग्रजी. ते दीडशेहून जास्त वर्षं जुनं आहे आणि साहेब एका शब्दाला पाच पाच समानार्थी शब्दांची माळ घालतो, त्यातले दोन कळायला मला इंग्रजी कोश उघडावा लागतो. शिवाय अधूनमधून त्याचा गोरेपणा आणि धर्मभिरूपणा डोकावतो, देव-धर्म, जाती, रूढी या शब्दांच्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवूनच वाचायचं. लाजण्याच्या शब्दांत तो त्रास कमी आहे. बाबा पदमनजींनी १८६३ मध्ये मोल्सवर्थचा छोटा अवतार काढला होता, ज्यांना माळा नकोत त्यांनी तो कुठे मिळाला तर बघावा.

तिसरी आणि खरी अडचण, नवं काही नाही. न्यूनगंड सापडणार नाही मोल्सवर्थमध्ये, सापडणारच कसा, ती मानसशास्त्राची भाषा त्याच्या नंतरची. "ऑकवर्ड झालं" हे आजच्या कॉलेजातल्या मराठीचं मुख्य वाक्य आहे, त्याची नोंद कुठल्या कोशात कधी येईल देव जाणे. कसंनुसं हसणं, चोरट्यासारखं होणं, कसंसंच वाटणं, हे जे आपण रोज बोलतो त्याची वाक्यात बसलेली आजची उदाहरणं हवीत, कोण कुणाला म्हणतं, कुठल्या गावात म्हणतं, थट्टेने की रागाने. दात्यांनी त्यांच्या काळासाठी ते काम केलं. आपल्या काळासाठी असं एका जागी, शोधता येईल असं, फुकट, कुणी केलेलं मला तरी हवंय, आणि ते शिकागोने का करावं हाही प्रश्न आहेच. आपल्या भाषेचे कोश आपण अमेरिकेच्या विद्यापीठाच्या साइटवर जाऊन बघतो याचं मला थोडं कसंनुसं होतं, पण बघतेच.

कुणी वापरावं? भाषांतर करणारे, सबटायटलवाले, जाहिरातीचं लिहिणारे, पत्रकार, आणि परदेशात मुलांना रविवारच्या मराठी शाळेत शिकवणारे, कारण मुलं तिकडे इंग्रजीतूनच विचारतात आणि मोल्सवर्थ-बर्नसन इंग्रजीतूनच उत्तर देतात, ही जोडी त्यांना फार कामाची आहे. बर्नसन आधी उघडा, आजचा साधा अर्थ तिथे मिळेल, मग मोल्सवर्थ, मग हौस असेल तर दाते. फक्त स्पेलिंग तपासायचं असेल किंवा दहावीच्या निबंधाला शब्द हवे असतील तर इकडे येऊ नका, वेळ जाईल आणि १८५७ची मराठी निबंधात घातलीत तर बाई मार्क कापतील.

छापील मोल्सवर्थ घ्यावा का असं बरेच जण विचारतात. शोधण्यासाठी नको, त्यासाठी साइटच बरी. पण पान उघडून वरखाली नजर फिरवायची सवय असेल तर घ्या, कारण स्क्रीनवर तुम्ही मागितलेला शब्द येतो आणि पुस्तकात त्याचे शेजारी येतात. भीड आणि भिडणे शेजारी आहेत हे मला आधी कागदावर दिसलं होतं. जुना मिळाला तर बाइंडिंग हलवून बघा आणि मधली पानं शाबूत आहेत का ते तपासा, विकणारा घाई करेल, काय मॅडम एवढं काय बघताय म्हणेल, त्याची भीड धरू नका.